अमुंडसेन आधी का पोचला: कुत्री, रॉकेलचे डबे आणि चुकांसाठी ठेवलेली जागा

प्रश्न असा होता: दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीत रोआल्ड अमुंडसेन जिंकला तो कुत्र्यांमुळे आणि हवामानाच्या कृपेने, असं नेहमी वाचायला मिळतं. हे कितपत खरं? त्याची तयारी नेमकी काय होती?

कुत्र्यांशिवाय तो पोचला नसता हे खरंच आहे. पण कुत्री त्याचा ब्रिटिश प्रतिस्पर्धी रॉबर्ट स्कॉट याच्याकडेही होती. शिवाय मोटारीवर चालणाऱ्या स्लेज होत्या, सैबेरियन तट्टं होती आणि माणसं तर कितीतरी जास्त. फरक जनावरांपेक्षा हिशेबात होता. आपण वाट चुकणार, डबे गळणार, धुकं येणार, कुणाचे तरी पाय गारठणार, हे अमुंडसेन आधीच धरून चालायचा आणि तेवढी जागा सोडून आखणी करायचा. जिथे त्याने ती जागा सोडली नाही, तिथे तोही मरणाच्या दारातून परत आला. त्यामुळे हे उत्तर मी त्याच्या पराक्रमापेक्षा त्याच्या तयारीवरच जास्त खर्च करणार आहे.

तो १६ जुलै १८७२ रोजी नॉर्वेत बोर्गे इथे जहाजमालकांच्या घरात जन्मला. मुलाने डॉक्टर व्हावं ही आईची इच्छा. १८९३ मध्ये ती वारली आणि त्याने वैद्यकाचा अभ्यास सोडून दिला. खरं शिक्षण सुरू झालं ते १८९७ मध्ये, 'बेल्जिका' जहाजावर. आद्रियां द गेर्लाश यांच्या या बेल्जियन मोहिमेत तो पहिला मेट, म्हणजे जहाजावरचा वरिष्ठ अधिकारी होता. जहाज अंटार्क्टिकाच्या गोठलेल्या समुद्रात अडकलं आणि त्या भागात हिवाळा काढणारी ती पहिलीच मोहीम ठरली. डबाबंद अन्नावर राहून माणसं स्कर्व्हीने खचू लागली. हिरड्या सुजल्या, अंगातलं त्राण गेलं, काहींचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. जहाजाचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी सीलचं आणि पेंग्विनचं ताजं मांस जेमतेम शिजवून सगळ्यांना खायला लावलं, आणि माणसं सावरली. स्कर्व्ही क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, पण तो शब्दही तेव्हा कुणाला माहीत नव्हता. ताजं मांस फार शिजवू नये, एवढी गोष्ट मात्र अमुंडसेनच्या मनात कायमची बसली.

दुसरी शाळा म्हणजे 'ग्योआ'. ४७ टनांची ही हेरिंग पकडायची जुनी होडी घेऊन, एकूण सात माणसांनिशी, तो जून १९०३ मध्ये निघाला. वायव्य सागरी मार्ग, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडून अटलांटिकमधून पॅसिफिकला जाणारी वाट, एकाच जहाजाने पार करायचा होता. याआधी मोठमोठी जहाजं आणि शंभरावर माणसं घेऊन गेलेल्या मोहिमा तिथे संपल्या होत्या. उथळ खाड्यांतून जायला लहान होडी बरी आणि शिकारीवर जगायचं तर माणसं कमी बरी, हा त्याचा विचार. किंग विल्यम बेटावर, ज्याला आज ग्योआ हेवन म्हणतात तिथे, त्याने दोन हिवाळे काढले. उत्तर चुंबकीय ध्रुव जेम्स क्लार्क रॉस यांनी १८३१ मध्ये नोंदवलेल्या जागेवर राहिलेला नाही, हे ग्योआवरच्या माणसांच्या मोजमापांतून सिद्ध झालं. १९०५ च्या ऑगस्टमध्ये मार्ग पार झाला आणि १९०६ मध्ये होडी अलास्कातल्या नोम बंदराला लागली.

पण ध्रुवाच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं ते नेत्सिलिक इनुइट लोकांकडून शिकलेलं. कपड्यांचं घ्या. रेनडियरच्या कातड्याचे दोन थर घालायचे, आतल्याची लव अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर. दोन्ही सैल, म्हणजे आत हवा खेळती राहते आणि घाम साठत नाही. थंडीत माणसाला बाहेरच्या बर्फाइतकाच धोका स्वतःच्या घामाचा असतो, कारण ओला कपडा गोठतो आणि मग तो ऊब देत नाही, उलट ऊब खेचून घेतो. कुत्री हाकणं, बर्फाचं घर बांधणं, स्लेजच्या धावपट्ट्यांवर पाण्याचा पातळ थर गोठवून त्या गुळगुळीत करणं, हे सगळं त्याने त्या लोकांच्या शेजारी राहून शिकून घेतलं. त्यांना 'रानटी' समजण्याच्या त्या काळात एक युरोपीय माणूस विद्यार्थी होऊन त्यांच्यापुढे बसला, याचं मोल मला फार वाटतं.

नंतर त्याने नॉर्वेचे नामवंत ध्रुवसंशोधक फ्रित्योफ नान्सेन यांच्याकडून 'फ्राम' हे जहाज उत्तर ध्रुवाकडे जायला म्हणून मागून घेतलं. सप्टेंबर १९०९ मध्ये आधी बेल्जिकावरचेच डॉक्टर कुक आणि मग अमेरिकन रॉबर्ट पीअरी यांनी उत्तर ध्रुव गाठल्याचे दावे केले, तेव्हा त्याने मनात दिशा बदलली आणि ते जवळजवळ कुणालाच सांगितलं नाही. जहाज मदेरा बेटाला लागल्यावर, सप्टेंबर १९१० मध्ये, खलाशांना कळलं की आपण दक्षिणेला चाललोय. स्कॉटला मेलबर्नमध्ये तार मिळाली. पैसे देणाऱ्यांना आणि नान्सेनसारख्या माणसाला अंधारात ठेवणं योग्य होतं, असं मी म्हणणार नाही. त्या लपवाछपवीचा डाग त्याच्या नावावर आहे आणि तो राहणारच.

ग्रीनलंडची ९७ कुत्री उष्ण कटिबंधातून न्यायची होती. त्यांच्यासाठी डेकवर फळ्यांचा सुटा मजला घातला. खालून पाणी वाहून जावं, डेक धुता यावा आणि कुत्र्यांचे पाय तापू नयेत म्हणून. वर सावलीला कापड ताणलं. अशा मोहिमांत समुद्रप्रवासातच जनावरं मरायची. इथे वाटेत पिल्लं झाली आणि पोचताना संख्या ११६ होती.

१४ जानेवारी १९११ रोजी फ्राम अंटार्क्टिकाच्या बे ऑफ व्हेल्स या उपसागरात पोचलं. ही जागा स्कॉटच्या तळापेक्षा जवळजवळ एक अंश दक्षिणेला, म्हणजे जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटरची बचत. पण तळ जमिनीवर नसून रॉसच्या बर्फाच्या तरंगत्या पठारावर होता. जुन्या मोहिमांच्या नोंदी चाळून त्याने पाहिलं होतं की हा उपसागर सत्तर वर्षं साधारण तिथेच आहे. त्यावरून त्याने अंदाज केला की खालचा बर्फ जमिनीला टेकलेला असावा. तो अंदाज चुकीचा होता. बर्फ तरंगताच होता, आणि पुढे १९८७ मध्ये त्या भागाचा प्रचंड तुकडा तुटून हिमनग म्हणून निघून गेला. नशिबाचा वाटा मोजायचा तर इथे मोजावा.

'फ्रामहाइम' नावाच्या या तळावर नऊ माणसं उतरली. हिवाळ्यासाठी सूर्य मावळण्याआधी, फेब्रुवारी ते एप्रिल, त्यांनी ८०, ८१ आणि ८२ अक्षांशांवर मिळून सुमारे तीन टन सामान नेऊन ठेवलं. पांढऱ्या, सपाट, खुणेवाचूनच्या मैदानात साठा ठेवणं सोपं, तो परत सापडणं अवघड. एकच झेंडा लावला आणि धुक्यात अर्धा किलोमीटर बाजूने गेलात, तर अन्न हाताशी असून उपाशी मराल. म्हणून अमुंडसेनने ८० अंशावरच्या साठ्याला प्रवासाच्या रेषेशी काटकोनात, पूर्वेला दहा आणि पश्चिमेला दहा, असे वीस झेंडे लावले, अर्ध्या सागरी मैलावर एक. प्रत्येकावर क्रमांक, त्यावरून साठा कोणत्या बाजूला आणि किती दूर ते कळायचं. एका ठिपक्याऐवजी आता समोर कित्येक किलोमीटर लांबीचं कुंपण होतं, आणि ते कुठेही ओलांडलं तरी चालणार होतं. पहिल्या फेरीत वाटेवर खुणा कमी पडल्या तेव्हा बर्फात सुके मासे उभे रोवले होते. स्कॉटचा मुख्य साठा ८० अंशावर व्हायचा होता, पण तट्टांची अवस्था पाहून तो अलीकडेच, ७९ अंश २९ मिनिटांवर ठेवला गेला. हा आकडा लक्षात ठेवा.

हिवाळ्याचे महिने त्यांनी सामान सुधारण्यात घालवले, आणि माझ्या मते ध्रुव तिथेच जिंकला गेला. ओलाव ब्यालँड हा नामांकित स्कीपटू आणि उत्तम सुतार. त्याने स्लेज तासून तासून त्यांचं वजन जवळपास दोन-तृतीयांशाने उतरवलं. यर्गेन स्टुबेरुडने पेट्यांच्या फळ्या पातळ केल्या. पेट्या स्लेजवरून न सोडता वरच्या गोल झाकणातून हवं ते काढता येईल अशी सोय होती, कारण गारठलेल्या बोटांनी रोज दोऱ्या सोडणं-बांधणं म्हणजे वेळ आणि हिमदंश दोन्ही. तंबूला तळाचं कापड शिवलेलं, मध्ये एकच खांब. वादळातही एक माणूस तो उभा करू शकायचा. तंबूचं कापड गडद रंगवलं. चोवीस तास उजेडात डोळ्यांना विश्रांती मिळते, ऊन शोषलं जातं आणि तंबू दुरून दिसतो. बूट तर पुन्हा पुन्हा उसवून शिवले. स्कीच्या पट्ट्यांसाठी तळवा कडक हवा, पण आत जाड मोजे घालून बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोट आधी बधिर, मग काळं पडतं.

रॉकेलचा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही, तो नीट सांगतो. बर्फ वितळवायला प्रायमस स्टोव्ह, आणि स्टोव्हला रॉकेल. ते नसेल तर ध्रुवावर माणूस आधी तहानेने मरतो. कडाक्याच्या थंडीत डब्याच्या बुचाखालची चामड्याची चकती आक्रसते, सांध्यांतून रॉकेल पाझरतं, वरच्या डब्यांवर ऊन पडलं की वाफ होऊन निघून जातं. डबा बाहेरून सुस्थितीत, आत अर्धा. अमुंडसेनच्या माणसांनी डब्यांचे सांधे आणि तोंडं पक्का डाख देऊन बंद केली. परतीच्या वाटेवर त्यांनी माउंट बेटीजवळ दगडांच्या राशीत १७ लिटर रॉकेल आणि काड्यापेट्या ठेवल्या. १९२९ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ लॅरी गूल्ड यांच्या तुकडीला ती रास सापडली तेव्हा डबा तिथेच होता. स्कॉटच्या तुकडीला परतताना साठ्यांवर रॉकेल कमी भरत गेलं, ही त्यांच्या शेवटाची एक मोठी बाजू आहे.

अन्नाचे जिन्नस चारच: पेमिकन, बिस्किटं, दुधाची भुकटी, चॉकलेट. पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेलं मांस आणि चरबी. अमुंडसेनच्या पेमिकनमध्ये भाज्या आणि ओटही घातले होते, त्यामुळे ते पचायला बरं. सगळं मोजून भरलेलं. याल्मार योहान्सेनने हिवाळाभर हजारो बिस्किटं एकेक करून पेट्यांत रचली. वाटेत तराजू काढायचा नाही, नुसती संख्या मोजायची. तळावर आडोल्फ लिंडस्ट्रोमच्या हातचं सीलचं मांस दिवसातून दोनदा, जोडीला बेरीचा मुरंबा आणि कोंड्यासकट पिठाचा पाव. बेल्जिकावरचा धडा इथे ताटात आला. पूर्ण मोहिमेत स्कर्व्ही झाला नाही.

आता चूक. ऑगस्टअखेर सूर्य परतला आणि स्कॉटच्या मोटारी आपल्याआधी पोचतील या धास्तीने अमुंडसेन अधीर झाला. योहान्सेनने विरोध केला, कारण नान्सेनबरोबर १८९५ चा तो भयंकर प्रवास त्याने केलेला होता. तरी ८ सप्टेंबर १९११ रोजी आठ जण निघाले. पारा उणे ५६ पर्यंत उतरला. होकायंत्रातला द्रव गोठला, कुत्र्यांचे पंजे फाटले, माणसांच्या टाचा हिमदंशाने गेल्या. ८० अंशावर सामान टाकून ते वळले. शेवटच्या दिवशी अमुंडसेन स्वतः पुढे निघून गेला आणि तांडा विस्कटला. तुकडीतल्या प्रेस्ट्रूडचे पाय गारठले होते, त्याच्याजवळ ना स्टोव्ह ना अन्न. योहान्सेन थांबला आणि त्याला मध्यरात्रीनंतर तळावर घेऊन आला. सकाळी त्याने सगळ्यांसमोर अमुंडसेनला सुनावलं. त्याचं बरोबर होतं. अमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढलं आणि नंतर मोहिमेच्या हकिकतीतही त्याला त्याची जागा दिली नाही. योहान्सेनने जानेवारी १९१३ मध्ये आत्महत्या केली.

या भांडणाचा एक परिणाम मात्र हिशेबात आला. साठे आठ माणसांसाठी होते आणि आता जाणार होते पाच. तीन माणसांचं अन्न आणि इंधन आपोआप जादा झालं. उलट स्कॉटने जानेवारी १९१२ मध्ये ऐनवेळी चौघांच्या तुकडीत पाचवा घेतला, आणि त्यांचं सगळं सामान चार-चारच्या हिशेबाने बांधलेलं होतं.

१९ ऑक्टोबरला अमुंडसेन, हेल्मर हान्सेन, ऑस्कर विस्टिंग, स्वेरे हासेल आणि ब्यालँड निघाले. चार स्लेज, ५२ कुत्री. रोज साधारण २८ किलोमीटर, पाच-सहा तासांत, आणि मग थांबायचं. जमलं म्हणून जास्त ओढायचं नाही. दमलेल्या जनावराला भूक आणि विश्रांती दोन्ही जास्त, त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी करावीच लागते. वाटेत बर्फाच्या विटा कापून पुरुषभर उंचीचे मनोरे रचले. एकूण सुमारे दीडशे मनोरे, नऊ हजार विटा. प्रत्येकात चिठ्ठी: क्रमांक, जागा, मागच्या मनोऱ्याचं अंतर आणि दिशा. हे श्रम वाया जात नव्हते, कारण माणसं वीट कापत असताना कुत्री दम खात.

पर्वतरांग आली तेव्हा स्कॉटला ब्रिटिश संशोधक शॅकल्टनने आधी शोधलेली बिअर्डमोर हिमनदी माहीत होती. अमुंडसेनला वाट माहीत नव्हती. समोर दिसली ती अक्सेल हायबर्ग हिमनदी, उभी आणि भेगांनी फाटलेली. चार दिवसांत, २१ नोव्हेंबरला, ते सुमारे तीन हजार मीटर उंचीच्या पठारावर होते. तिथे त्यांनी २४ कुत्री मारली. हे ऐनवेळी घडलं नव्हतं. कोणतं कुत्रं किती ओझं ओढेल आणि कोणत्या टप्प्यावर इतरांचं अन्न होईल, हे तळावरच कागदावर मांडलेलं होतं. माणसांनीही ते ताजं मांस खाल्लं. त्या जागेचं नाव त्यांनीच 'खाटिकखाना' ठेवलं. वाचताना पोटात कालवतं, आणि ज्यांनी वर्षभर ती कुत्री सांभाळली त्यांनाही कालवलं. पण पुढच्या पठारावर सगळ्या कुत्र्यांचं खाणं वाहून नेणं अशक्य होतं, हे गणितही तितकंच खरं आहे. काही कुत्री वाटेत आधीच गेली होती; तीन स्लेज आणि १८ कुत्री पुढे गेली.

८ डिसेंबरला त्यांनी शॅकल्टनचा ८८ अंश २३ मिनिटांचा टप्पा ओलांडला, थोडं पुढे शेवटचा साठा ठेवला, आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दुपारी तीनच्या सुमारास स्लेजला लावलेल्या अंतर मोजणाऱ्या चाकाप्रमाणे ध्रुव आला. झेंडा पाचही जणांनी एकत्र हात लावून रोवला.

मोजणीचं काम त्यानंतर सुरू झालं. कुक आणि पीअरी यांचे वाद ताजे होते, म्हणून पुरावा भक्कम हवा होता. ध्रुवावर सूर्य दिवसभर एकाच उंचीवर गोल फिरतो, चढतही नाही आणि उतरतही नाही. म्हणून चोवीस तास, ठरावीक अंतराने, सेक्स्टंट या कोन मोजणाऱ्या उपकरणाने सूर्याची उंची घेत राहायचं. क्षितिज अस्पष्ट असतं, त्यासाठी पसरट भांड्यातल्या पाऱ्यात सूर्याचं प्रतिबिंब पाहायचं. आकड्यांत चढउतार दिसला तर तुम्ही अजून बाजूला आहात. तेवढ्यात विस्टिंग, हासेल आणि ब्यालँड तीन दिशांना स्कीवर बऱ्याच अंतरापर्यंत जाऊन खुणा लावून आले. वाद झालाच तर ध्रुव या चौकटीच्या आत कुठेतरी नक्की असेल, असा त्यामागचा विचार. साठ्याच्या आडव्या झेंड्यांमागचा विचार हाच. मग जागा दुरुस्त करून 'पोलहाइम' तंबू उभा केला, आणि तो खऱ्या ध्रुवापासून अडीच किलोमीटरच्या आत होता.

परतीत सगळं सुरळीत नव्हतं. पठारावरच्या साठ्यांना त्यांनी बर्फाच्या मैदानासारख्या आडव्या खुणा लावल्या नव्हत्या. हवा बदलल्याने डोंगर ओळखू येईनात, आणि एका साठ्यासाठी दोघांना मागे जावं लागलं. अन्न जादा होतं म्हणून ही चूक पचली. २५ जानेवारी १९१२ च्या पहाटे पाच माणसं, दोन स्लेज आणि ११ कुत्री फ्रामहाइमला पोचली. ९९ दिवस, सुमारे ३,४४० किलोमीटर.

स्कॉटची तुकडी १७ जानेवारीला ध्रुवावर पोचली होती. मार्चअखेर शेवटचे तिघे ७९ अंश २९ मिनिटांवरच्या त्या मोठ्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर तंबूत वारले. साठा ठरल्याप्रमाणे ८० अंशावर असता तर ते त्याच्यापर्यंत पोचले असते. त्या तुकडीने शेवटपर्यंत ओढून आणलेले दगडांचे नमुने आणि केलेली शास्त्रीय कामगिरी अमुंडसेनच्या मोहिमेपेक्षा कितीतरी मोठी आहे, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

पुढचं आयुष्य थोडक्यात. १९१८ पासून 'माउड' जहाजाने सैबेरियाच्या उत्तरेकडून जाणारा ईशान्य सागरी मार्ग, त्यात मोडलेला हात आणि अस्वलाचा हल्ला. १९२४ मध्ये दिवाळं. १९२५ मध्ये अमेरिकन लिंकन एल्सवर्थबरोबर दोन उडत्या बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं घेऊन ८७ अंश ४४ मिनिटे उत्तरेपर्यंत. तिथे एक विमान निकामी झालं आणि सहा माणसांनी अपुऱ्या हत्यारांनी, अर्धपोटी, तीन आठवड्यांहून जास्त बर्फ खोदून धावपट्टी केली आणि एकाच विमानातून सगळे परतले. मे १९२६ मध्ये इटलीच्या उंबेर्तो नोबिले यांच्या 'नॉर्गे' या हवाई जहाजातून स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंदहून उत्तर ध्रुवावरून थेट अलास्का. त्या जहाजाला बांधायचा लोखंडी मनोरा आजही तिथे उभा आहे. गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून त्याच गावात आहे, म्हणून तिथे जाणाऱ्या भारतीय संशोधकांना तो दिसतो. दोन्ही ध्रुव पाहणारी पहिली माणसं दोन: अमुंडसेन आणि विस्टिंग.

नोबिलेशी त्याचं पुढे कडू भांडण झालं. तरी मे १९२८ मध्ये नोबिलेचं 'इटालिया' हे हवाई जहाज बर्फावर कोसळल्याचं कळताच तो शोधाला निघाला. मिळालं ते फ्रेंच 'लाथाम ४७' विमान. १८ जून १९२८ रोजी सहा जण ट्रोम्सोहून उडाले आणि परतले नाहीत. नोबिलेला दुसऱ्यांनी काही दिवसांतच वाचवलं. ऑगस्टअखेर नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ त्या विमानाचा पंखाखालचा एक तरंगा सापडला, आणि नंतर पेट्रोलची एक टाकी. टाकीच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली होती. तरंगा तुटल्यावर विमान पाण्यावर तोलून धरायला कुणीतरी रिकामी टाकी त्याच्या जागी बसवायचा प्रयत्न केला असावा.